नववं पान

मागं एकदा एक गृहस्थ आमच्या भरतकामाच्या केंद्रावर आले होते. बायकोच्या साडीचा काठ भरून हवा होता. ऑर्डर देऊन झाल्यावरही ते जाईनात. बायका काम करत होत्या, ते हाताची घडी घालून बघत उभे. शेवटी म्हणाले, "मॅडम, एवढ्या सुया कशाला? एकच घ्यायची, लागेल तसा दोरा बदलायचा."

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या घरात सगळ्यांना मिळून एकच चप्पल आहे का?"

ते हसले, पण त्यांना कळलं नसावं. म्हणून इथं नीट सांगते. आमचं काम मोजून भरायचं. कापडावर छापील नक्षी नसते. समोर कागदावर चौकोनांचं चित्र असतं आणि कापडावर बारीक जाळी टाचलेली असते. कागदावरचा एक चौकोन म्हणजे जाळीवरची एक फुली. काम संपलं की जाळीचे धागे एकेक ओढून काढायचे, मग कापडावर फक्त नक्षी उरते. या कामात फुली घालणं सोपं, ते आठ दिवसांत कुणालाही येतं. अवघड असतात ते रंग. काठात चार रंग असले की दर दोन बोटांवर रंग बदलतो. प्रत्येक वेळी दोरा तोडला, तर मागं गाठींचं रान होतं. म्हणून प्रत्येक रंगाची सुई वेगळी. एका रंगाचं काम थांबलं की ती सुई बाजूला वर काढून ठेवायची, पुढं तिची पाळी आली की पुन्हा घ्यायची. गडद दोरा पांढऱ्या कापडामागून लांब ओढायचा नाही, पुढून सावली दिसते. आणि सगळ्या लड्या एकदम, एकाच लॉटच्या घ्यायच्या. लडीवर नंबर तोच असतो, पण पुढच्या वेळचा रंग केसभर वेगळा निघतो. दुकानात दिसत नाही, अंगणात उन्हात धरला की दिसतो. आमच्या एका उशीचा डावा कोपरा अजून माझ्याकडं बघून हसतो.

हे सगळं मी पुस्तकात शिकले नाही. मी बी.ए. आहे, ते मात्र कॉलेजात जाऊन झाले. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेलं पहिलं माणूस मी. वडील सोयगाव तालुक्यातून शहरात आले आणि मोंढ्यात हमाली करत राहिले. पदवीच्या कागदाला त्यांनी काच बसवून आणली आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली लावली. मग मी भरतकामाचं केंद्र काढलं, तेव्हा वस्तीतल्या बायका आईला म्हणाल्या, "एवढं शिकून पोरगी सुईदोराच घेऊन बसली व्हय?" आई बिचारी काही बोलली नाही. बोलले मी. म्हटलं, सुईदोरा तुम्हीपण घेऊन बसता, पण मी रजिस्टर ठेवते.

आणि खरंच ठेवत होते. प्रत्येक नक्षीचा कागद, त्यावर दोऱ्यांचे नंबर, प्रत्येक लडीच्या लॉटची नोंद. या रजिस्टरचा मला फार अभिमान होता. पुढं जे सांगायचंय, ते या अभिमानामुळंच घडलं.

मला सुई धरायला शिकवली हलीमा आपांनी. त्या माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. बुढ्ढी लेनमध्ये घर, नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन परभणीला. केंद्र निघालं त्या पहिल्या दिवसापासून त्या माझ्याबरोबर होत्या. मला नावानं हाक कधी मारली नाही. "बीए" म्हणायच्या. कौतुकानं म्हणतात की टोमणा मारतात, हे मला वीस वर्षांत नक्की ठरवता आलं नाही.

आपांचे दोन नियम होते. पहिला, भेट म्हणून करायचं काम अर्ध्यात दाखवायचं नाही. दुसरा, ज्यानं टाका घातला त्यानंच तो उसवायचा. नवीन मुलीचं काम चुकलं तरी आपा तिच्या कामाला हात लावत नसत. तिच्याच हातात कात्री देत. "तेरा टाका है, तेरेकूच मालूम वो कहां से आया."

आपांच्या सुया एका पट्टीवर असत. जुन्या कांबळ्याची, चार बोटं रुंद पट्टी. तिच्यावर चार ओळी, ओळीत सहा सुया, प्रत्येक ओळ एका रंगाची. आमच्याकडं मंगल म्हणून बाई आहे, करमाडहून बसनं येते. ती रोज सकाळी आपांच्या चोवीस सुया ओवून, पट्टीवर लावून द्यायची. मला वाटायचं, ठीक आहे, मोठ्या आहेत, तेवढा मान असायलाच पाहिजे. आपा खिडकीजवळ सरकल्या, मला वाटलं उकडत असेल. लड्या त्यांनी वेगवेगळ्या डब्यांत ठेवायला सुरुवात केली, मला वाटलं, चला, आपांना शिस्त लागली.

माझ्या लेकीला, प्रज्ञाला, शेंद्र्याच्या कंपनीत नोकरी लागली, त्याच आठवड्यात आपांनी जाहीर केलं, "बच्ची की शादी की साडी का काठ मैं भरूंगी. दोनों बाजू का. कोई हाथ नहीं लगाना."

मी म्हटलं, "आपा, लग्नाचा अजून पत्ता नाही."

"मेरे हाथ का तो पत्ता है ना? आज है."

आम्हा बौद्धांत नवरी पांढरी साडी नेसते. पांढऱ्या सुती साडीवर हिरव्या पिंपळपानांची रांग आणि दोन पानांमध्ये एक निळं कमळ, अशी नक्षी प्रज्ञानं स्वतः कागदावर काढून दिली. हिरवा गडद, निळाही गडद. देठाला चॉकलेटी, कमळाच्या पोटात लिंबू रंग. आपांनी आधी खालचा काठ पुरा केला, मग पदराकडून वरचा धरला. झालेला भाग त्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवत. मी जवळ गेले की फडक्यावर हात ठेवत. तोवर प्रज्ञाचं लग्नही ठरलं. वरच्या काठाचा शेवटचा हातभर तुकडा उरला, नेसताना कमरेला आत खोचतात तो, आणि रमजान महिना संपत आला.

त्या सुमारास मंगल आठ दिवसांच्या रजेवर गेली. भाचीचं बाळंतपण होतं. आपांच्या सुया ओवायचं काम माझ्याकडं आलं. मी ते मनापासून केलं. कांबळ्याची पट्टी मळली होती, म्हणून नवीन पट्टी शिवली. वर कापडी फितीवर दोऱ्यांचे नंबर लिहिले आणि सुया नंबराप्रमाणं लावल्या. निळ्याचा नंबर हिरव्याच्या आधी येत होता. म्हणजे फरक एवढाच पडला की पहिली ओळ निळी झाली आणि दुसरी हिरवी.

आपांनी पट्टी हातात घेतली, बोटानं चाचपली. "नई है?"

"हो. आवडली?"

"नरम है," म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

ईदच्या दोन दिवस आधी मंगल आली. पर्स खुंटीला अडकवली आणि सवयीनं पट्टी उचलली. तिथंच उभी राहिली.

"ताई, ही ओळ कुणी बदलली?"

"मी. नंबरवार लावल्यात. बघ, आता कुणालाही सापडतील."

मंगलनं दाराकडं बघितलं. आपा दुपारच्या नमाजला आतल्या खोलीत गेल्या होत्या. मंगल हळूच म्हणाली, "काय केलं वो ताई तुम्ही. त्यांना ओळीवरूनच कळतंय. रंग दिसत नाय त्यांना."

"रंग दिसत नाही म्हणजे?"

"निळा आन् हिरवा सारखाच दिसतोय, मातीवानी. दीड वरीस झालं. मला शपथ घातलीय."

आम्ही दोघींनी फडकं सोडलं. मी आपांचा पहिला नियम मोडला तो असा. सगळा काठ इतका देखणा होता की क्षणभर मी बघतच राहिले. आणि मग शेवटाकडं नऊ पानं निळी होती. त्यांच्यामध्ये हिरवी कमळं.

टाके तसेच, दाण्यासारखे सारखे. एक फुली चुकली नव्हती.

आता सांगून टाकायला हवं होतं. मी वेगळं ठरवलं. ईदसाठी आपा दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस येणार नव्हत्या. मी साडी घरी नेली, रोज दिवसभर अंगणातल्या उजेडात बसले आणि आपांचे टाके उसवून पुन्हा भरत गेले. मधे एकदा नळाला पाणी यायचा दिवस आला, तेवढ्यापुरती उठले. मनात एकच, आपांना कळता कामा नये. आठ पानं हिरवी झाली, आठ कमळं निळी झाली. नवव्या पानाला केंद्रातला हिरवा दोरा संपला. मी सिटी चौकात गेले, त्याच नंबरची लडी आणली, अंगणात धरली, तर पिवळट. आधीच्या लॉटच्या उरलेल्या लड्या आपांच्या डब्यात होत्या आणि डबा आपांच्या घरी. नववं पान तसंच निळं ठेवून मी साडी गुंडाळली. म्हटलं, डबा आला की एक तास मिळवू कसाही.

आपा आल्या त्या शीरखुर्म्याचा डबा घेऊन. सगळ्यांना वाट्या वाटल्या. मंगलला म्हणाल्या, "तू दो वाटी खा, करमाड की हवा में सूख गई." मग हात धुवून खिडकीशी बसल्या. फडकं सोडलं. काम सुरू करण्याआधी त्या नेहमी काठाच्या मागच्या बाजूनं बोट फिरवत. तसं फिरवलं. बोट थांबलं. थोडं मागं आलं, पुन्हा पुढं गेलं.

"बीए."

मी रजिस्टरात मान घालून बसले होते.

"बीए, ये हाथ मेरा नहीं है."

खोलीत आठ बायका होत्या.

"किसने उसवलं?"

"मी, आपा."

"कायकू?"

खोटं बोलायला वेळ होता. जमलं नाही. "पानं निळी झाली होती."

"कितने?"

"नऊ."

"और फूल?"

"हिरवे."

आपांनी चष्मा काढून पदरानं पुसला. पुसून काही उपयोग नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि आता आम्हालाही. साडीची घडी घातली, माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि चपला घालून निघून गेल्या. शीरखुर्म्याचा डबा तसाच राहिला.

तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी डबा घासून, त्यात आमच्या घरचे रव्याचे लाडू घालून मी बुढ्ढी लेनमध्ये गेले. रिकामा डबा परत करायचा नसतो, तेवढा एक आधार होता.

आपा पलंगावर बसल्या होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी आपली बसले.

"आपा, दीड वर्ष तुम्ही मला सांगितलं नाही."

"बताती तो तू क्या करती?"

"दवाखान्यात नेलं असतं."

"वो बाद में. पहले क्या करती?" त्या माझ्याकडं बघत होत्या, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेनं. "कौसल्या का हाथ कांपने लगा, तो तूने उसकू इस्त्री पे बिठाया. मेरेकू कायपे बिठाती? धागे काटने पे?"

कौसल्याबाई आमच्याकडं सात वर्षं काम करत होत्या. हात थरथरायला लागला तेव्हा मी त्यांना इस्त्रीवर बसवलं, आणि मला वाटलं, मी त्यांना सांभाळून घेतलं. त्या महिनाभर इस्त्री करून जालन्याला मुलाकडं निघून गेल्या. हात कोणत्या टाक्याला थरथरतो, कोणत्याला नाही, एवढं विचारायचंही मला सुचलं नव्हतं. लाडवाचा डबा मांडीवर धरून बसले.

"आणि उसवलंस," आपा म्हणाल्या. आता मराठीत बोलत होत्या. फार मनाला लागलं की त्या मराठीत येतात. "मला न विचारता. माझी चूक होती ना? मला बघू तरी द्यायची होतीस. आता मी काय बघू? तू सांगतेस म्हणून मानायचं, पान निळं होतं?"

"एक राहिलंय."

"काय?"

"नववं पान. दोरा संपला. लॉट तुमच्या डब्यात आहे. ते पान अजून निळंच आहे."

आपांनी माझ्या मांडीवरचा डबा चाचपून घेतला आणि उशाशी ठेवला. मग म्हणाल्या, "हात नक्को लगाना उसकू."

"नाही लावणार."

"कसम?"

"तुमची."

"मेरी नक्को, मैं बुढ्ढी हूं. तेरी बीए की कसम."

मी म्हटलं, माझ्या बी.ए.ची शपथ.

"तो चल," त्या म्हणाल्या. "कौन दवाखाना? मेरेकू मेरी गलती देखने की है."

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. जवळचं दिसत राहतं, म्हणून शिवणकाम करणाऱ्यांना लवकर कळत नाही. आधी निळा जातो. "इतके दिवस काम कसं केलंत आजी?" त्यांनी विचारलं. आपा म्हणाल्या, "हाथ से किया. आंख तो मदद को थी." आधी उजवा डोळा करायचा ठरला. परभणीहून मुलगी आली. ऑपरेशनच्या सकाळी आपांनी माझा हात धरला नाही, मंगलचा धरला. मला वाईट वाटलं. वाटायलाच हवं होतं.

लग्नाला दीड महिना होता तेव्हा आपा काळा चष्मा लावून केंद्रावर आल्या. जिना चढताना म्हणाल्या, "ये भिंत कब से गुलाबी है?" भिंत वर्षभरापासून गुलाबी होती. मंगल म्हणाली, "आता समदं दिसाया लागलं, आता आमची खैर नाय."

त्यांनी सरळ साडी मागितली. खिडकीशी बसल्या, चष्मा काढला आणि काठ सरकवत शेवटाला आल्या. नववं पान दोन बोटांत धरलं. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून बघितलं. मग उजवा झाकून बघितलं. पुन्हा डावा झाकला.

"इधर से नीला," त्या म्हणाल्या. "इधर से मिट्टी." आणि हसायलाच लागल्या. "या अल्ला! पिंपळ का पान और नीला! बीए, तूने ऐसे नऊ देखे?"

"नऊ."

"और रोई नहीं?"

"रडले ना. अंगणात."

आपांनी माझ्या हातात कात्री दिली. मला आधी कळलं नाही. त्यांनी काठावरची माझी आठ पानं आणि आठ कमळं दाखवली. "तेरे टाके हैं. तूच उसव."

आठ बायकांसमोर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी माझे टाके उसवले. आपा कात्रीकडं बघत होत्या, आता खरंच बघत होत्या. "हळू. कापड को क्यूं सजा देती." मग त्यांनी घरून आणलेला डबा उघडला, जुन्या लॉटच्या लड्या काढल्या आणि स्वतः सुई ओवली. पहिल्या झटक्यात. मंगल टाळ्या वाजवून म्हणाली, "झालं! आता माझं काय काम उरलं?"

"चाय बना," आपा म्हणाल्या.

डॉक्टर बाईंनी रोज थोडाच वेळ काम करायला सांगितलं होतं. आपांनी तेवढंच केलं. बारा दिवसांत आठ पानं, आठ कमळं आणि राहिलेला तुकडा पुरा झाला. नवीन पट्टी मी त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं, नंबराची फीत काढून टाकू का? म्हणाल्या, "रैन दे, सुंदर लिखा है. सुया मैं लगाऊंगी." त्यांनी हिरवी ओळ पहिली लावली. नंबर आजही त्या पट्टीवर चुकीचे आहेत.

शेवटी नववं पान राहिलं. आपांनी कात्रीचं टोक एका फुलीखाली घातलं. आम्ही सगळ्या बघत होतो. त्यांनी टोक बाहेर काढलं, कात्री मिटली आणि जाळीचे धागे ओढायला घेतले.

"आपा, ते एक राहिलं," मी म्हटलं.

"मालूम है."

"उसवायचं नाही?"

"मेरा टाका है ना?"

नियम त्यांचाच होता.

लग्नाच्या सकाळी प्रज्ञाला साडी मी नेसवली. वरच्या काठाचं टोक हातात आलं. हिरवी पानं, निळी कमळं आणि अगदी शेवटाजवळ ते एक निळं पान. प्रज्ञानं मान खाली करून विचारलं, "आई, हे चुकलंय का गं?" मी म्हटलं, "नाही. आत जातं ते." आणि कमरेला नीट खोचलं.

मंडपात वंदना सुरू व्हायच्या आधी आपा आल्या. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं, चष्मा नव्हता. प्रज्ञाला त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितलं, पदराचा काठ उजेडाकडं वळवून बघितला, तिच्या गालावरून हात फिरवला. मग पहिल्या रांगेत, आमच्या घरच्या बायकांत येऊन बसल्या. सगळे उठून उभे राहिले, हात जोडले गेले, तेव्हा त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"बीए, अंदर है ना?"

"आहे, आपा."

"ठीक," त्या म्हणाल्या, आणि त्यांनीही हात जोडले.